मुकुटबन : एका सीमावर्ती गावाची ओळख



आपल्या धर्मप्रांतांच्या नकाशावर काही गावांची नावे ठळक अक्षरांत असतात, तर काही गावे बारीक ठिपक्याएवढीही दिसत नाहीत. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील मुकुटबन हे अशा दुसऱ्या प्रकारातील गाव. गेल्या काही वर्षांत कोळसा आणि सिमेंट यांमुळे वर्तमानपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर त्याचे नाव दिसू लागले आहे. नोकरीच्या निमित्ताने आपल्यापैकी काही कुटुंबांचे तिकडे जाणेयेणे होऊ लागले आहे. परंतु गावाची ओळख म्हणजे केवळ तेथील कारखान्याची ओळख नव्हे. म्हणून या परिसराची भूमी, इतिहास, माणसे, पाहण्याजोगी स्थळे आणि तेथील ख्रिस्तसभेची रचना यांची माहिती एकत्रितपणे आम्ही येथे देत आहोत.

गाव कोठे आहे?

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात आहे. वणी शहराच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटर गेल्यावर हे गाव लागते. दक्षिणेकडे पैनगंगा नदी वाहते. ती महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन राज्यांची सीमा आहे. पूर्वेकडे वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विसर्जित होते. म्हणजे मुकुटबनच्या शिवारात पडलेला पावसाचा थेंब शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो.

तालुक्याचे नाव झरी-जामणी असले, तरी आसपासच्या खेड्यांना मुकुटबनची बाजारपेठ जवळची वाटते. पोलीस ठाणे येथे आहे आणि वनखात्याच्या एका परिक्षेत्रालाही याच गावाचे नाव आहे. महसुली दृष्टीने गाव यवतमाळ जिल्ह्यात, विधानसभेसाठी वणी मतदारसंघात आणि लोकसभेसाठी चंद्रपूर मतदारसंघात मोडते. एकाच माणसाला निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या दिशांना जावे लागते, हे सीमेवरील गावांचे जुने प्राक्तन येथेही दिसते.

‘मुकुट’ आणि ‘बन’ हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. नाव ऐकताच डोळ्यांसमोर रानाचे चित्र उभे राहते आणि ते चित्र अगदीच खोटे नाही. सागाची झाडे, मोहाची आणि पळसाची राने, मध्येच काळ्या मातीची वावरे आणि त्यांत कापूस, तूर, सोयाबीन, असा हा प्रदेश आहे. फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा साऱ्या पानगळीत तेवढाच एक रंग उठून दिसतो.

थोडा इतिहास

वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर पूर्वी चांद्याच्या गोंड राजांचा प्रभाव होता. अठराव्या शतकात त्यांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूख सोडला आणि तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. मराठी राज्याच्या अखेरच्या काळात दुसरा बाजीराव पेशवा याच बाजूने पळत होता. एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळील शिवणी येथे इंग्रजी फौजेने त्याचा पराभव केला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत तो इंग्रजांना शरण गेला.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पुढे तो वणीच्या नावावरून ‘वून’ जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली, दारव्हा आणि पुसद हे तालुके जोडले गेले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

वणीचे नाव ज्यांच्यामुळे देशभर पोचले ते लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी याच वणीत झाला. लोकमान्य टिळकांचे अनुयायी, काँग्रेसचे नेते, बिहारचे राज्यपाल (१९४८ ते १९५२) आणि संस्कृतचे गाढे विद्वान अशी त्यांची ख्याती होती. टिळकांच्या जीवनावर त्यांनी लिहिलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्यास त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

येथील माणसे

या परिसरात मराठी भाषक कुणबी, तेली, माळी, बौद्ध आणि इतर समाजांबरोबर गोंड, परधान आणि कोलाम हे आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. नदीपलीकडच्या आदिलाबादशी सोयरीक आणि व्यापार असल्यामुळे बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगूही कानी पडते. शहरातील माणूस ज्याला ‘शेतकरी’ म्हणतो त्याला येथे ‘कास्तकार’ म्हणतात, आणि शेताला ‘वावर’.

कोलामांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून मान्यता दिली आहे, त्या म्हणजे कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची मुख्य वस्ती यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड हे जिल्हे आणि पलीकडील आदिलाबादचा मुलूख यांत आहे. त्यांच्या छोट्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. गावाच्या मुख्य वस्तीपासून थोड्या अंतरावर, रानाच्या कडेला, दहा-वीस घरांचा असा पोड या तालुक्यात जागोजागी आढळतो. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातील आहे. ती मराठीची बोली नव्हे, तर तेलुगू आणि गोंडीच्या कुळातील एक स्वतंत्र भाषा आहे. कोलाम मुलाला शाळेतील पहिल्या दिवशी मराठी ही जवळजवळ परकी भाषा म्हणून भेटते. प्राथमिक शाळेतील त्याची पुढची वाटचाल समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

या जिल्ह्याच्या मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तत्कालीन तालुक्यांतील अनेक गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट करण्यात आली. अशा गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू होतो. त्यानुसार जमीन, पाणी आणि गौण वनउपज यांविषयी ग्रामसभेचे मत महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना ते कसत असलेल्या जमिनीवर दावा सांगण्याचा अधिकार दिला. विशेष असुरक्षित समूहांना तर त्यांच्या पारंपरिक पर्यावासावरही हक्क सांगता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने याच समूहांसाठी घरे, पाणी, रस्ते, आरोग्य आणि शिक्षण यांची ‘पीएम-जनमन’ योजना सुरू केली. कायदे कागदावर आहेत. ते पोडापर्यंत पोचवणारा माणूस मात्र हवा असतो.

काळे सोने, पांढरे सोने आणि चुनखडी

मुकुटबनच्या भूमीत तीन निरनिराळ्या युगांचे खडक एकमेकांच्या शेजारी आढळतात, ही भूशास्त्राच्या अभ्यासकांना आकर्षित करणारी गोष्ट आहे. सर्वांत जुना थर पैनगंगा समूहातील चुनखडीचा. पृथ्वीवर प्राणी अवतरण्यापूर्वीच्या समुद्रात तो साठला. त्यानंतरचा थर गोंडवन काळातील आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची दलदलीतील अरण्ये गाडली जाऊन त्यांचा कोळसा झाला. जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी प्राचीन दक्षिण महाखंडाला जे ‘गोंडवन’ हे नाव दिले, ते आपल्या याच गोंडांच्या देशावरून घेतलेले आहे. सर्वांत वरचा थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, आणि त्याच खडकाची माती होऊन कापसाची काळी जमीन तयार झाली.

वर्धा खोऱ्यातील कोळसापट्टा वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा आणि वणी असा पसरला आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या खाणी वणी परिसरात आहेत. मुकुटबनजवळील मार्की-मांगली येथील कोळसापट्टे खासगी कंपन्यांना देण्यात आले होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील २१४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले, तेव्हा या पट्ट्यांचाही प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि पुढे लिलावाची पद्धत आली.

सिमेंटला मुख्यतः दोन गोष्टी लागतात : चुनखडी आणि जाळण्यासाठी कोळसा. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की ‘क्लिंकर’ नावाचे कठीण खडे तयार होतात. त्यांत जिप्सम मिसळून दळले की सिमेंट होते. औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळली की त्याचा दुसरा प्रकार तयार होतो. चुनखडी पायाखाली, कोळसा शेजारी आणि राख चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातून, असा योग जुळल्यामुळेच हा परिसर सिमेंट उद्योगाला सोयीचा ठरला. बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या उपकंपनीचा मुकुटबन येथील कारखाना २०२२ साली सुरू झाला. त्याची वार्षिक क्षमता ३९ लाख टनांची आहे. आज कोणत्या तरी शहरात उभ्या राहणाऱ्या एखाद्या मंदिराच्या किंवा चर्चच्या भिंतीत मुकुटबनची चुनखडी असणे अशक्य नाही.

खाणींमुळे रोजगार येतो, रस्ता येतो, दुकानांत गिऱ्हाईक येते. त्याचबरोबर धूळ येते, जड वाहने येतात, विहिरींच्या पाण्याची चिंता येते आणि जमीन विकलेल्या कास्तकाराच्या हाती आलेले पैसे किती दिवस पुरणार, हा प्रश्नही येतो. या प्रश्नाची जाणीव ठेवूनच २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणमालक शासनाला जे स्वामित्वधन भरतो त्याच्या जोडीने, लिलावाने मिळालेल्या खाणीसाठी त्या रकमेच्या १० टक्के आणि त्यापूर्वीच्या खाणीसाठी ३० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानात जमा करावी लागते. ती खाणबाधित गावांचे पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्च व्हावी असा नियम आहे. आपल्या गावासाठी या निधीतून काय झाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे. आपले जे बांधव तेथे राहतात त्यांनी ही माहिती शेजाऱ्यांनाही सांगावी.

पांढऱ्या सोन्याची कहाणी अधिक दुःखद आहे. कोरडवाहू कापूस, लहरी पाऊस, वाढता खर्च आणि सावकारी कर्ज यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ते जिल्हे म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेमुळे यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांत शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणीला गेलेले मजूरही होते.

परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

शिबला-पार्डीचे पाषाणस्तंभ : झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी परिसरात २०२१ साली रस्त्याचे काम चालू असताना जमिनीखालून षटकोनी खांबांसारखे दगड उघडे पडले. कोणा प्राचीन वाड्याचे अवशेष सापडले अशी आधी समजूत झाली, परंतु ते मानवी हातांनी घडवलेले नव्हेत. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या खोलवर गेल्या की असे कोन असलेले स्तंभ तयार होतात. मुंबईतील अंधेरीचा गिल्बर्ट हिल हे याच प्रकाराचे उदाहरण. कर्नाटकात उडुपीजवळ मालपेच्या समुद्रातील सेंट मेरीज बेटावरही असेच पाषाणस्तंभ आहेत. १४९८ साली वास्को-द-गामाने तेथे उतरून त्या बेटाला पवित्र मरियेचे नाव दिले अशी परंपरा आहे. ज्यांनी ते बेट पाहिले आहे, त्यांना शिबल्याचे दगड पाहताना त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

टिपेश्वर अभयारण्य : पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. टिपाई देवीच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. सुन्ना आणि माथनी या प्रवेशद्वारांतून आत जाता येते. वाघ, अस्वल, नीलगाय, चितळ आणि असंख्य पक्षी येथे आहेत. येथील एक तरुण वाघ २०१९ साली नव्या प्रदेशाच्या शोधात निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील जिल्ह्यांमागून जिल्हे पार करीत, तीन हजार किलोमीटरहून अधिक चालून, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे हा प्रवास जगाला समजला. योगायोग असा की, यवतमाळहून निघून बुलढाण्यात थांबलेला हा वाघ अमरावती धर्मप्रांताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला!

या कथेची दुसरी बाजूही आहे. याच जिल्ह्यातील राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानल्या गेलेल्या वाघिणीला नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये तर मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गर्भार वाघिणीची शिकार झाली आणि तिचे पंजे कापून नेण्यात आले. वाघाच्या भीतीने संध्याकाळी वावरातून लवकर घरी परतणारी बाई आणि रानात सुरक्षित जागा न मिळणारा वाघ, या दोघांचाही विचार एकत्र केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही.

वणी : येथील रंगनाथस्वामींचे मंदिर आणि त्यांच्या यात्रेतील बैलबाजार प्रसिद्ध आहे. लोकनायक अणे यांच्या स्मृती या गावाने जपल्या आहेत.

केळापूर : पांढरकवड्यालगत, नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गाजवळ जगदंबेचे प्राचीन देवस्थान आहे. नवरात्रात येथे विदर्भाबरोबरच तेलंगणातूनही भाविक येतात.

भद्रावती व चंद्रपूर : वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात गेल्यास भद्रावतीची विजासन बौद्ध लेणी आणि जैन मंदिर, तसेच चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि महाकाली मंदिर पाहता येते. तेथून पुढे ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९५५ साली घोषित झाले.

पैनगंगेचा काठ : याला तिकीट नाही आणि मार्गदर्शकही नाही. हिवाळ्यात सकाळी नदीकाठी उभे राहिले की एका तीरावर मराठी आणि दुसऱ्या तीरावर तेलुगू बोलणारी, परंतु एकाच पाण्यावर जगणारी माणसे दिसतात.

ख्रिस्तसभेच्या नकाशावर मुकुटबन

मध्य भारतातील कॅथोलिक धर्मकार्याचा पाया सॅव्हॉयमधील ॲनसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाने घातला. त्यांचे धर्मगुरू १८४० च्या दशकात विशाखापट्टणमला आणि तेथून कामठी-नागपूरकडे आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि १९५३ साली त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावती धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. त्याचे पहिले महागुरुस्वामी जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे याच संघाचे होते. पुढे १९६४ साली ते नागपूरचे आर्चबिशप झाले. १९७७ साली मराठवाड्याचा भाग वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत अस्तित्वात आला.

आज अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे अमरावती धर्मप्रांतात आहेत. मुकुटबन त्याच्या अगदी आग्नेय टोकाला येते. २००६ च्या मदतीसाठी निवडलेल्या सहा जिल्ह्यांची यादी वाचकांनी पुन्हा पाहावी. त्यांतील पाच जिल्हे म्हणजेच हा धर्मप्रांत. संकटग्रस्त कास्तकारांचा प्रश्न येथील ख्रिस्तसभेसाठी दुसऱ्या कोणाचा प्रश्न असूच शकत नाही, तो तिच्या अंगणातलाच प्रश्न आहे.

नदी ओलांडली की चित्र बदलते. वर्धेपलीकडे सिरो-मलबार विधीचा चांदा धर्मप्रांत आहे. त्याला १९७७ साली पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद हा सिरो-मलबार धर्मप्रांत १९९९ साली चांद्यापासून वेगळा झाला. म्हणजे मुकुटबनच्या आसपास तीन धर्मप्रांत आणि दोन उपासनाविधी एकमेकांना भेटतात. मुंबई-वसईकडून गेलेल्या कुटुंबाने पलीकडच्या चर्चमध्ये मिस्सेस गेल्यास प्रार्थनांचा क्रम वेगळा वाटून गोंधळून जाऊ नये. ते आपलेच पवित्र मिस्साबलिदान आहे, आणि कॅथोलिक भाविकाला दोन्हीकडे ख्रिस्तशरीर ग्रहण करता येते.

इतर ख्रिस्ती मंडळींचे कार्यही येथे स्मरणीय आहे. फ्री मेथॉडिस्ट मिशनने यवतमाळ येथे दीर्घकाळ सेवा केली. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रोटेस्टंट परंपरेतील नामांकित धर्मशिक्षण संस्था १९५३ पासून यवतमाळ येथेच होती. १९८३ साली ती पुण्यास गेली.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

मुकुटबनला जाण्यासाठी वणी हे सोयीचे ठिकाण आहे. वणी हे माजरी-आदिलाबाद-मुदखेड लोहमार्गावर आहे. रस्त्याने येणाऱ्यांना नागपूर-हैदराबाद महामार्गाने पांढरकवड्यापर्यंत येऊन पुढे वळता येते. येथील उन्हाळा अत्यंत कडक असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्याच दिवसांत कापसाची वेचणी चालू असते आणि जिनिंगबाहेर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग पाहायला मिळते. अभयारण्याची सफर पावसाळ्यात बंद असते, आणि एरवीही आधी नोंदणी करून जाणे बरे. रविवारच्या मिस्सेचे ठिकाण आणि वेळ धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.

आणखी एक विनंती. कोलामांचा पोड हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. ती कोणाची तरी घरे आहेत. बोलावल्याशिवाय आत जाऊ नये, न विचारता छायाचित्रे काढू नयेत. शिबल्याचे दगड आठवण म्हणून फोडून आणू नयेत. बाजारातून मात्र अवश्य काही विकत घ्यावे. त्या दोन पैशांचा आधार थेट घरापर्यंत पोचतो.

समारोप

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून साऱ्या पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्यात त्यांनी आदिवासी समाजांचा आवर्जून उल्लेख केला आहे. त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा त्यांना अनेकांपैकी एक न मानता संवादातील मुख्य सहभागी मानले पाहिजे, अशी त्यांची शिकवण आहे. मुकुटबनसारखे गाव पाहिले की ही शिकवण पुस्तकातून उठून समोर उभी राहते. येथे कोळसा आहे आणि रानही आहे, कारखाना आहे आणि पोडही आहे, वाघ आहे आणि बैल हाकणारा कास्तकारही आहे. यांतील कोणालाही वगळून या गावाचे भले होणार नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात नथनेलाला नाझरेथविषयी शंका आली. इतक्या क्षुल्लक गावातून काय चांगले निघणार, असे त्याला वाटले. फिलिपाने त्याच्याशी वाद घातला नाही. स्वतः येऊन पाहण्याचे त्याने त्याला निमंत्रण दिले. नथनेल गेला, आणि पुढे काय घडले ते आपण जाणतो. मुकुटबनविषयी आमचेही वाचकांना एवढेच सांगणे आहे. जमेल त्यांनी जावे, माणसांना भेटावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी येत्या रविवारी मिस्सेतील विनंतीप्रार्थनेत तेथील कास्तकारांची, खाणकामगारांची आणि कोलाम बांधवांची आठवण ठेवावी.